मतं वहिनींची, नाव माझं

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. दीड महिन्यापूर्वी माझ्या थोरल्या भावाची बायको, सुमनवहिनी, गेल्या. भेटायला आलेले एक जुने वाचक मला म्हणाले, "तुमचं पुस्तकांवरचं सदर अजून आठवतं हो." वहिनींच्या फोटोसमोर बसून मी नुसती मान हलवली... आता पुरे झालं.

ऐंशीच्या दशकात आम्ही दोघे भाऊ धामणकर नाक्याजवळ एकाच घरात राहायचो. भिंतीपलीकडे कापड विणणारे लूम धडधडायचे. आठवडाभर घरात बोलायचं ते ओरडून, म्हणून कामापुरतंच. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असायची आणि वहिनींचं साठलेलं सगळं बाहेर पडायचं. मी वाचनालयातून नव्या कादंबऱ्या, आत्मचरित्रं आणायचो. मी चाळायचो, त्या वाचायच्या. भाजी निवडता निवडता निकाल लागायचा. एका थोर गृहस्थांच्या आत्मचरित्राबद्दल म्हणाल्या, "पानोपानी त्याग केलाय यांनी. त्या दिवसांत घरची चूल कोण पेटवत होतं, त्याला एक ओळ नाही." एका कादंबरीकाराने लूमच्या आवाजाला संगीत म्हटलं होतं, तर त्याला आठ दिवस आपल्याकडे राहायला बोलवा म्हणाल्या. पण आवडलं तर मन मोकळं करून सांगायच्या. एका नव्या लेखिकेची पहिलीच कादंबरी मिटून त्यांनी भाजीची परडी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "या पोरीला दुःख सांगायची घाई नाही, भाऊजी. म्हणून ते माझ्यापर्यंत पोचलं."

गावातल्या साप्ताहिकात मी सदर लिहायचो, 'नुकतंच वाचलेलं'. शनिवारी कागद पुढे ओढला की वहिनींचीच वाक्यं उतरायची. बाईमाणसाचं नाव छापलेलं दादाला आवडणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं तर दादाने तो अंक पार अंबाडी गावापर्यंत वाटला असता.

पुढे ती लेखिका वाचनालयाच्या कार्यक्रमाला आली. घाईबद्दलचं ते वाक्य तिला पाठ होतं. त्याच्याच जोरावर दुसरी कादंबरी लिहायला घेतली, असं तिने भाषणात सांगितलं आणि मला विचारलं, "हे कसं सुचलं तुम्हाला?" वहिनी दुसऱ्या रांगेत होत्या. मी म्हणालो, "वाचता वाचता सुचलं." टाळ्या झाल्या. वहिनींनीही वाजवल्या. परतताना रिक्षात त्या खुशीत होत्या. "पोरगी लिहिते तशीच बोलते, नाही?" एवढंच म्हणाल्या. पुढच्या शुक्रवारी नेहमीसारख्या बोलत बसल्या. मला मात्र लिहवेना. ऑफिसच्या कामाचं निमित्त सांगून मी सदर बंद केलं. आमचे शुक्रवार चालू राहिले, आणि ते सुखाचे होते.

शेवटी वहिनी कशेळीला मुलाकडे होत्या. दिसत नव्हतं, म्हणून मी जाऊन वाचून दाखवायचो. एका दुपारी एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणी वाचत होतो. त्यांनी हात वर केला.

"थांबा. हा माणूस आता खरं सांगेल, आता सांगेल, म्हणून मी वाट बघतेय. अगदी काठाशी येतो आणि चहा मागवतो."

मी हसलो, त्याही हसल्या. हसू ओसरलं. त्यांचा चेहरा माझ्याकडेच वळलेला होता...

"वाचा ना, भाऊजी."

मी वाचत राहिलो. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं: वहिनी, त्या दिवशी वाचनालयात मी उठून तुमच्याकडे बोट दाखवायला हवं होतं. माझं चुकलं.