ज्ञानोबांची इंग्रजी पोथी

माकणीत ज्ञानोबांना पोथीवाले ज्ञानोबा म्हणतात. पोथी वाचतो मात्र बलभीम. त्याचा आवाज लोअर तेरणा धरणाच्या भिंतीपर्यंत ऐकू जातो, असं तो स्वतःच सांगतो. ज्ञानोबांचं काम अर्थ सांगायचं. श्रावणात मारुतीच्या देवळात बलभीमनं एक ओवी वाचायची, थांबायचं, आणि ज्ञानोबांनी आधी अर्थ, मग दृष्टांत द्यायचा. दृष्टांत बहुतेक गावातलाच. त्यामुळं पोथीत एखादा गर्विष्ठ राजा आला की पुढं बसलेले दोन-चार बागायतदार उगाच सदऱ्याची बटणं चाचपत. या कामाचे पैसे मिळत नाहीत, मान मिळतो, आणि तो ज्ञानोबांच्या फेट्यात मावत नाही इतका झाला आहे.

त्यांची सून हर्षाली तुळजापूरची, इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली. लग्नानंतर तिनं एका कॉलेजात मुलाखत दिली, तेव्हा तिथल्या बाईंनी तोंडावर सांगितलं की तुमचं व्याकरण चोख आहे, पण शब्द सगळे गाईडातले. जुन्या कादंबऱ्या वाचा आणि मग या. हर्षालीला ते लागलं, कारण खरं होतं. सुखी माणूस हॅपी, दुःखी माणूस सॅड, आणि मधल्या साऱ्या जगाला व्हेरी लावून भागवायचं, यावर तिचा संसार चालला होता. आता उमरग्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर जागा निघाली होती. ती हुकली तर पुण्याला नवऱ्याकडं, कृष्णराजकडं, जायचं आणि शिकवण्याचा नाद सोडायचा, असं दोघांचं ठरलेलं. हर्षालीला फळ्यापुढंच उभं राहायचं होतं.

सोलापूरला जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरनं तिनं एक जाडजूड कादंबरी आणली. कव्हर गेलेलं, पहिली पानंही गेलेली, त्यामुळं कुणी लिहिली ते कळायला मार्ग नाही. दीडशे वर्षांपूर्वीची असावी, हे तिनं कागदाच्या वासावरून ठरवलं. सकाळी ओसरीत बसून ती पुटपुटत वाचायची. ज्ञानोबा चहा पिता पिता तिचं बोट बघायचे. ते बोट मध्येच उडी मारायचं.

"हितली ओवी का सोडली?" एकदा त्यांनी विचारलं.

"ओवी न्हाई मामा, वाक्य आहे. मधले अवघड शब्द अंदाजानं कळतात."

ज्ञानोबांनी कप खाली ठेवला. "पोथीत अंदाज चालत न्हाय, बाई."

दुसऱ्या दिवशी कादंबरी चौरंगावर चढली. खाली लाल फडकं, बाजूला उदबत्ती. हर्षालीनं एक वाक्य मोठ्यानं वाचायचं, त्यातल्या नव्या शब्दाचा अर्थ सांगायचा, आणि दृष्टांत दिल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. ज्ञानोबांना इंग्रजीतलं ए आणि बी यांतलं कोण थोरलं हेही ठाऊक नव्हतं, पण अर्थ बसला की नुसताच टेकला, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. डिक्शनरीतला अर्थ ते कानावरून सोडून द्यायचे आणि म्हणायचे, "ते ऱ्हाऊ दे. कुणावानी, ते सांग."

चार दिवसांत बलभीम येऊन बसायला लागला. सासू सिताबाई तूर निवडायच्या निमित्तानं आधीपासूनच होत्या. कादंबरीत समुद्रकाठचं गाव होतं, सदा धुईत, दाट धुक्यात बुडालेलं, आणि एका तापट मावशीच्या मोठ्या घरात सांभाळलेली अनाथ पोरगी. समुद्राचा प्रश्न ज्ञानोबांनी सोडवला. लोअर तेरणाचं पाणी घ्यायचं आणि पलीकडचा काठ काढून टाकायचा.

शब्द मग गावातच मुक्कामाला आले. ऑब्स्टिनेट म्हणजे बलभीमची म्हैस, ओढली तरी जागची न हलणारी. रिलक्टंट म्हणजे वर्गणी मागितल्यावरचा बलभीम, हात खिशात आणि पाय घराकडं. बलभीमनं कुरकुर केली की समदे वाईट शब्द माझ्याच दारात का बांधता. त्याच दिवशी व्हॅनिटी आली. आरशात बघून स्वतःवरच खूश होणं, एवढा अर्थ सांगून हर्षाली थांबली. कुणावानी, ज्ञानोबांनी विचारलं. ती पान उलटायला लागली. सिताबाईंनी सुपातून डोकं वर केलं नाही. "सांग की गं. श्रावणात फेटा बांधायला तासभर लावत्यात, तसं म्हण."

बलभीमची त्या दिवसाची सगळी भरपाई झाली.

मग एका सकाळी मावशी त्या पोरीला घरात एकटी सोडून गावाला गेली आणि फोर्लॉर्न हा शब्द आला. हर्षाली म्हणाली, एकटी, उदास.

"एकटी तर म्हैस बी असती. कुणावानी?"

तिनं शब्दावर बोट ठेवलं. "लग्न लागून वऱ्हाड निघून जातं," ती म्हणाली, "मांडवाचे बांबू सोडायला लागतात, आणि नवरीची आई तिथंच उभी असती. काय करावं ते तिला सुचत नसतं. तसं."

सिताबाईंचा हात तुरीत थांबला. आयुष्यात पहिल्यांदा दृष्टांताला पुरवणी जोडायची ज्ञानोबांची हिंमत झाली नाही. दिवसभर ते शेतात तो शब्द बरोबर घेऊन फिरले. कुठल्या मुलखातला कोण माणूस, धुईत बसून लिहीत होता, आणि त्याला तुळजापुरातल्या एका आईच्या मनातलं कसं कळलं? आणि कळलं ते कळलं, पण तेवढ्यासाठी एक वेगळा शब्द घडवून ठेवला होता त्यानं, जसा सोनार एकाच नाकाच्या मापाची नथ घडवतो. बांधावर त्यांनी आपसूक हात जोडले. समोर बाभूळ होती.

मुलाखत आठवड्यावर आली आणि ज्ञानोबांचे बेंबळीचे चुलते वारले. घरात सुतक लागलं. सिताबाईंनी बाकीच्या पोथ्यांबरोबर इंग्रजी पोथीही फडक्यात बांधून फळीवर ठेवली. दहावं होईपर्यंत शिवायचं नाही, आणि मुलाखत दहाव्याच्या आत.

"मामा, ती पोथी न्हाई. कादंबरी आहे," हर्षाली म्हणाली.

सांत्वनाला आलेला बलभीम मध्ये पडला. "मग येवढे दिस चौरंगावर काय हुतं, ज्ञानबा? म्या रोज पाया पडलोय."

ज्ञानोबा चांगलेच अडकले. पोथी म्हणावं तर सुनेची मुलाखत बुडते. कादंबरी म्हणावं तर कादंबरीला उदबत्ती ओवाळायला लावली म्हणून गाव वर्षभर हसणार, आणि पुढच्या श्रावणात त्यांच्या अर्थावर विश्वास कोण ठेवणार? हर्षाली भांडी घासायला बसली आणि एकेक पातेलं असं आपटायला लागली की त्यातही अर्थ होता. त्या दिवशी ज्ञानोबांना भाकर गोड लागली नाही.

दुसऱ्या सकाळी ते तिच्यापुढं येऊन बसले. सुतक पोथीला आहे, तोंडाला नाही, म्हणाले. आठवेल तेवढं सांग.

"माझं पाठ न्हाई, मामा."

"पाठ कोण मागतंय? दृष्टांतावरनं माघारी ये." मग तिच्याकडं न बघता त्यांनी सुरुवात करून दिली. "मांडव सुटलाय. आई हुभी हाय."

हर्षालीनं डोळे मिटले. शब्द आला, आणि त्याच्या शेपटीला धरून वाक्य आलं, वाक्यामागं रिकामं घर, जिना, खिडकीवरची धुई. सिताबाईंनी फेट्याची आठवण केली आणि आरशापुढची मावशी तिच्या सगळ्या दागिन्यांसकट हजर झाली. बलभीमनं नाइलाजानं स्वतःची वर्गणी पुढं केली. दुपारपर्यंत तिच्या तोंडून प्रकरणामागून प्रकरण बाहेर पडत होतं, आणि सगळ्यात जास्त चकित तीच होती. हे आपल्यात कधी शिरलं, याचा तिला पत्ताच नव्हता. ज्ञानोबा मुलाखतीपर्यंत रोज ऐकत बसले. बांधलेलं पुस्तक फळीवर आणि सगळी पोथी अंगणात, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

उमरग्याला ते बरोबर गेले. ती आत गेली, ते बाहेर खिडकीखालच्या बाकावर. आत तिला भलत्याच एका पुस्तकातला उतारा दिला आणि वर्ग समजून शिकवा म्हणाले. ज्ञानोबांनी कान लावला. एकसुद्धा शब्द ओळखीचा निघेना. त्यांचा आपला समज, की एवढं जाड पुस्तक म्हणजे त्यात सगळं इंग्रजी आलं. आत हर्षालीचा आवाज मात्र अडखळत नव्हता. ती एक वाक्य वाचून थांबली, 'कुणावानी' विचारावं तशा सुरात काहीतरी विचारलं, एक पुरुष हसला आणि लांबलचक उत्तर द्यायला लागला. मग एक बाई बोलायला लागल्या. मग सगळेच.

ती बाहेर आली तेव्हा सोमवारपासून या म्हणून सांगितलेलं होतं. ज्ञानोबांना त्याचा आनंद व्हायला जरा वेळ लागला.

"आपला एक बी शब्द नव्हता त्यात," ते म्हणाले.

"दुसरं पुस्तक होतं, मामा."

"म्हंजी आनी हायत?"

तिनं त्यांना शेजारच्या ग्रंथालयात नेलं. भिंतभर काचेची कपाटं, आणि त्यांत तसलीच जाड, जुन्या कागदाची पुस्तकं खालपासून छतापर्यंत. ज्ञानोबांनी दारातच चपला काढल्या. पहिल्या कपाटापुढं जाऊन ते मान वर करून उभे राहिले, तोंड उघडं. शिपायानं येऊन विचारलं, बाबा, कुणाला भेटायचंय?

ज्ञानोबांनी काचेवरची नजर काढली नाही. "समद्यांना," म्हणाले.