इन्साफने अन्न सोडलं

इजिप्तमधल्या दुमयात शहराच्या सुतारगल्लीत सोफ्यांना कापड चढवणाऱ्या बाया पुष्कळ, पण इन्साफचं काम लांबूनही ओळखू यायचं. एका जागी दहा मिनिटं बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. छातीतली गाठ कर्करोगाची निघाली, तेव्हाही तिने एका नवरीच्या खुर्च्या पुऱ्या करून दिल्या आणि मगच दवाखाना गाठला.

सलाईनमधून केमोथेरपीचं लाल औषध सुरू झालं. तिथल्या बाकावर बसलेली एक बाई हळूच म्हणाली, "आपण खातो ना, ते आधी गाठ खाते." ते वाक्य इन्साफच्या डोक्यात घर करून बसलं. मासळी, अंडी, डाळ सगळं बंद झालं. दोन महिने काळा चहा आणि कोरड्या पावाचा तुकडा, एवढंच. मळमळीने तसंही काही जात नव्हतं.

औषधाच्या तिसऱ्या खेपेनंतर काळीज उगाच धडधडू लागलं. पाय सुजले. आडवं व्हावं तर दम लागे, उठून बसावं तर हात शिवशिवत. सकाळपासून ती या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरत राही.

चौथ्या खेपेला डॉक्टर हाला यांनी हृदयाची तपासणी केली आणि औषध थांबवलं.

"खरं सांगा, रोज काय खाता?"

उत्तर भावजयीने, नजातने दिलं. "माझ्या हातचं सगळं खाते. मसूर, कोंबडीचं सूप, भाज्या."

"ते मी मांजरींना घालते," इन्साफ भिंतीकडे बघत म्हणाली.

नजात तिच्याकडे वळली. "म्हणजे दोन महिने मी मांजरींसाठी चुलीपुढे राबले?"

रक्तात मॅग्नेशियम आणि बी-वन जीवनसत्त्व तळाला गेलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, "हे लाल औषध हृदयावर घाव घालतं, आम्ही मोजूनमापून देतो. पण ते सोसायला अंगात काहीतरी हवं ना? तुम्ही गाठीला नाही, हृदयाला उपाशी मारलंत."

"जेवले असते तर हे झालं नसतं?"

"कदाचित. नक्की कुणीच सांगू शकणार नाही."

तो 'कदाचित' तिला दिवसभर टोचत राहिला. मॅग्नेशियम आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू झाली. नजात ताट घेऊन समोर बसायची, घास गिळला की नाही ते पाहायची. "तोंड उघडून दाखव," म्हणायची. पहिली डाळ पोटात गेली तेव्हा इन्साफचा हात नकळत छातीवर गेला, गाठ वाढते की काय म्हणून.

आठवड्याभरात सूज उतरली, धडधड मंदावली. उरलेला उपचार दुसऱ्या औषधाने झाला आणि गाठ विरली. हृदय मात्र पूर्वीच्या पाऊण ताकदीवरच थांबलं.

आता ती कारखान्यात तळमजल्यावरच काम करते; तिची जुनी जागा वरच्या मजल्यावर होती, पण जिना चढणं हृदयाला झेपत नाही. दर दोन तासांनी थांबायचा डॉक्टरांचा हुकूम आहे. त्या थांबण्यात तिची बोटं कापडाची कड चाचपत राहतात, आणि नजर वरच्या मजल्याच्या जिन्यावर खिळलेली असते.