काळ्या खड्याचा कारभार

माझ्या नातवाच्या मोबाईलमध्ये एक गाव आहे. हा शाळेत गेला तरी तिकडं पिकं वाढतात, गुरं चरतात, शेजारी येऊन कोंबड्या पळवून नेतात. परवा घरात पाऊल टाकताच त्यानं दप्तर फेकलं आणि म्हणाला, "आजी, मी नसताना माझा सगळा गहू वाळून गेला." मग मलाच समजावत बसला, की असा खेळ जगात नवीनच निघालाय, आपण नसलो तरी तो थांबत नाही. मी म्हटलं, गप रे शहाण्या. हा खेळ आम्ही रिसोड तालुक्यात बंडीच्या छपरीत बसून खेळलोय, आणि त्याला तुझ्या बापाचा रिचार्जही लागत नव्हता.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी चौथीत होते. आमच्या घरामागं माझ्या मैत्रिणीचं घर आणि त्याच्यामागं एक छपरी. तिथं तिच्या बापाची बंडी, म्हणजे बैलगाडी, एक चाक मोडून पडलेली होती. त्या बंडीखाली आणि आजूबाजूला आम्ही सहा-सात पोरापोरींनी मातीचं गाव मांडलं होतं. घरं चिखलाची, कुंपणं फुटक्या बांगड्यांची, बैल चिंचोक्यांचे, आणि नदी म्हणून कपड्यांच्या निळीची एक जाड रेघ. खऱ्या गावात विहिरी दोन होत्या, एक सवर्णांची आणि एक आमची, बौद्धपुऱ्यातली. खेळातल्या गावात एकच झाली, कारण दुसरी खणायचा सगळ्यांनाच कंटाळा आला.

ज्याचा त्याचा एक खडा. माझा काळा, नाल्यातून आणलेला. मैत्रिणीचा पांढरा, गारगोटीचा, म्हणून तिला सगळे गारगोटीच म्हणायचे. किराणा दुकानदाराच्या पोराचा खडा चपटा, त्यामुळं तो चपटा. रोज प्रत्येकाला एक डाव. डावात खड्यानं एक काम करायचं: पेरायचं, कापायचं, बैल बदलायचा, भांडायचं. रविवारी गावाचा बाजार आणि बाजारानंतर बैठक. बैठकीत बहुतेकांनी हात वर केला तर कोणालाही गावातून काढता यायचं.

नियम सगळे मी केले होते. मी भांडखोर होते हे आधीच सांगून टाकते, हम करे सो कायदा. त्यातला सगळ्यात मोठा नियम असा, की जो आला नाही त्याचा खडा तर आहे ना, मग त्याचा डाव चुकवायचा नाही. दुसऱ्या कोणीतरी त्याच्या वतीनं खेळायचं. मात्र जो दुसऱ्याचा डाव घेईल त्यानं त्या दिवशी आपला डाव सोडायचा, नाहीतर एकच जण सारं गाव चालवेल. आणि परत आल्यावर कुरकुर चालणार नाही. झालं ते झालं.

हा नियम मी फार मन लावून वापरला. चपटा मावशीच्या लग्नाला चार दिवस गेला, तर मी माझा डाव आनंदानं सोडून त्याच्या खड्याचं लग्न एका फुटक्या हिरव्या बांगडीशी लावून दिलं. परत आल्यावर तो रडला, पण बायको सोडायचा नियम नव्हता. गारगोटीला थंडीतापानं आठ दिवस खाटेवर टाकलं, तेव्हा तिच्या खड्याच्या तोंडून मी तिचं नदीकाठचं वावर काळ्या खड्याला देऊन टाकलं, एका लंगड्या बैलाच्या बदल्यात. बरी होऊन आल्यावर ती बराच वेळ त्या लंगड्या चिंचोक्याकडे पाहत बसली.

आणि मग माझ्यावरच पाळी आली. गावची शाळा चौथीपर्यंत. माझा मामा वाशीमला कचेरीत कारकून होता, त्यानं निरोप धाडला की पोरीला पाचवीला इकडं पाठवा. घरात सगळे खूश. गारगोटीही चौथी पास झाली होती, पण तिला कोणी कुठं पाठवणार नव्हतं, घरी धाकटा भाऊ सांभाळायचा होता. मला मात्र एकाच गोष्टीनं घाम फुटला: माझ्यामागं माझ्या खड्याचं काय होणार. दुसऱ्यांच्या खड्यांचं मी काय केलं होतं ते मलाच ठाऊक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पोरं मला गावातून काढून टाकतील आणि दिवाळीला मी परत येईन तेव्हा माझी तिथं जागाच नसेल, ही भीती मी बापाला सांगितली, तर तो म्हणाला, "तुले वाशीमले शिकाले धाडतो का राज्य करायले?"

वाशीमला जाऊन आठ दिवस झाले नाहीत तोच मी मामाकडून पोस्टकार्ड मागून घेतलं. बापाच्या नावावर, पण खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, "हे छपरीत वाचून दाखवावे." आणि हुकूम सोडले. तांबडा बैल विकू नये. नदीकाठी ज्वारीच पेरावी. चपट्याशी बोलू नये. कार्ड पोचायला चार दिवस, उत्तर यायला आणखी चार. उत्तर गारगोटीच्या तिरक्या अक्षरात यायचं: "तांबडा बैल गेल्या मंगळवारी दिला. आता गाय हाये. ज्वारी नाही, मूग पेरला. तुहा खडा बरा हाये." मी लगेच दुसरं कार्ड टाकायची की गाय परत करा, तोवर गाय व्यायलेली असायची. मामी म्हणायची, "हिच्या मायले वाटते पोरगी घरची आठवण काढून राह्यली, अन् ही गायीची काळजी करून राह्यली."

शाळेत मी गणिताच्या तासाला सुद्धा छपरीत असायची. सगळ्यात जास्त डोकं फिरवायचं ते एकच वाक्य, "तुहा खडा बरा हाये." बरा म्हणजे काय? भिकेला लागला तरी बराच म्हणतील. वावर गेलेली पोरगी पत्र लिहितेय म्हटल्यावर मी विश्वास तरी कसा ठेवणार.

दिवाळीची सुट्टी लागली. रिठदच्या फाट्यावर एस.टी.तून उतरले, बापासोबत चालत घरी आले आणि आईनं दिलेला पाण्याचा पेला तसाच ठेवून छपरीत पळाले.

गाव ओळखू येईना. घरं दुप्पट झाली होती, नदीवर काड्यांचा पूल होता, विहिरीला कठडा होता. माझा काळा खडा मधोमध, मातीच्या उंच ओट्यावर बसलेला. त्याच्याभोवती पोरांचा गराडा. जून महिन्यानंतर आलेली एक बारकी पोरगी होती, पहिलीतली, तिला मी ठाऊकच नव्हते. चपट्यानं सांगितलं, "ही काळा खडा." बारकीनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. "ही व्हय? काळा खडा तर लय चांगला हाय."

आता काय सांगावं. माझा खडा सरपंच झाला होता, सगळ्यांनी मिळून केलेला. नदीकाठचं वावर त्यानं गावच्या गुरांना चरायला मोकळं सोडलं होतं. चपट्याला बायको आवडत नव्हती म्हणून एका बैठकीत दोघांची सोडचिठ्ठी करून दिली होती, आणि त्या हिरव्या बांगडीला राहायला माझ्याच घरातली एक खोली दिली होती. कोणाचं भांडण झालं की पोरं म्हणत, चाल काळ्या खड्याकडे. मी पाच महिने जिवाला घोर लावून बसले होते, आणि इकडं माझ्यावाचून माझंच नाव मोठं झालं होतं. खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. मला राग आला, आणि तो का आला हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

"सरका," मी म्हटलं, "आता मी आली." आणि डाव हातात घेतला. पहिल्या दिवशी नदीकाठाला बांगड्यांचं कुंपण घातलं आणि गुरं बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी हिरव्या बांगडीला खोली खाली करायला लावली. तिसऱ्या दिवशी विहिरीवर कोणी कधी यायचं ते ठरवून दिलं. छपरीत नुसती कलकल. बारकी एकदा हळूच जवळ आली आणि तिनं विचारलं, "तुही शाळा कवा उघडते वं?"

रविवारी बैठक बसली. चपटा उभा राहिला, आणि त्याला तो हक्क होता हे मी आज कबूल करते. "काळा खडा गावात राह्यला पायजे," तो म्हणाला. "पण चालवन गारगोटी. हिले चालवाचा असंन तर खडा घ्या अन् गावातून जा." सगळे हात वर गेले. फक्त गारगोटीचा खाली होता.

मी ओट्यावरचा खडा उचलला आणि चालती झाले. पडलं तरी नाक वर. आई कढईत शंकरपाळे तळत होती. माझं तोंड पाहून म्हणाली, "पाचवीत गेली अन् अक्कल वाशीमलेच ठेवून आली काय?" मी आतल्या खोलीत जाऊन बसले. खडा जमिनीवर ठेवला. तो तिथं नुसता पडून राहिला. ना घर, ना ओटा, ना कोणी भांडायला. मी त्याच्यासमोर चार शंकरपाळे मांडून पाहिले, पण त्यांचे बैल होईनात. नाल्यात असे पन्नास खडे होते. माझी जागा मी मुठीत धरून घरी आणली होती आणि मुठीत काहीच नव्हतं.

संध्याकाळी परत गेले. छपरीत गारगोटी एकटीच होती, कडेवर भाऊ, आणि मोकळ्या हातानं पूल नीट करत होती. मी खडा ओट्यावर ठेवला आणि राहवेना म्हणून विचारलं, "तुहं वावर मी घेतल्तं. तुले माह्या खड्याले भिकेले लावता आलं असतं. काहून नाही लावलं?"

"लावणारच होती," ती म्हणाली. "पण तू गेली त्याच रविवारी चपटा म्हणे, काळ्या खड्याले काढून टाका. सारेच हो म्हणे. तूनं सगळ्याईले तरास देल्ता ना. मी म्हटलं थांबा, महिनाभर पाहू. मंग मीच रोज तुहा डाव घेतला. म्हटलं हिले असं चांगलं करीन का कोणाले काढूच वाटणार नाही."

"रोज?"

"मंग. एक दिवस दुसऱ्यानं घेतला असता तर बुडवली असती तुले."

रोज म्हणजे काय ते समजायला मला थोडा वेळ लागला. नियम माझाच होता. दुसऱ्याचा डाव घ्यायचा तर आपला सोडायचा. मी मान वळवून पांढऱ्या खड्याचं घर शोधलं. ते बंडीच्या मोडक्या चाकाकडं होतं, भिंत खचलेली, आत मुंग्यांचं वारूळ. उरलेल्या वावरात काही पेरलेलं नव्हतं. लंगडा बैल दारात तसाच होता. सगळं गाव दुप्पट झालं होतं आणि गारगोटी जूनपासून एक डावही खेळली नव्हती. मला रडू आलं. तिनं भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "रडतं काय वं, घर बांधता येते."

उरलेल्या सुट्टीत आम्ही तसंच खेळलो. माझा खडा ती चालवायची आणि तिचा डाव मी घ्यायची. भिंत बांधली, वारूळ काढलं, मूग पेरला. माझ्या हातून पहिल्यांदाच कोणाचं काही वाढलं, आणि ते करताना मला एवढी मजा येईल असं वाटलं नव्हतं. चपटा तर म्हणाला, हिले हिचा खडा नोकोच देऊ, दुसऱ्याचा बरा चालवते.

पण सुट्टी संपत आली तसा माझ्या मनात हिशेब सुरू झाला. मी गेले की ती पुन्हा रोज माझाच डाव घेणार आणि तिच्या घरात पुन्हा मुंग्या येणार. शेवटच्या दिवशी मी सगळ्यांना म्हटलं, "माहा डाव आता बारकी घेईन. तिच्यापाशी कोठं खडा हाय."

बारकीनं लगेच हात पुढं केला. चपटा म्हणाला, "बारकी गाव बुडवीन."

"माहं बुडवीन ना," मी म्हटलं. "बुडवू दे."

गारगोटी म्हणाली, "काढतीन मंग तुले. पुढल्या खेपेले येशीन तं घर नसंन."

"नसंन तं नसंन," मी म्हटलं. आणि काळा खडा बारकीच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. फाट्यावर बाप आणि मी दोघंच. पोरांपैकी पोचवायला कोणी आलं नाही, कारण छपरीत बाजार भरला होता. काळा खडा बारकीच्या मुठीत होता, त्याचं ती काय करणार होती देव जाणे. एस.टी. सुटली तेव्हा तिकडं गारगोटीचा डाव गारगोटी खेळत होती.