तो अभ्यासिकेत आहे, काका

आमच्या खोलीचा एक नियम होता. जो प्यायलेला असेल त्याच्या घरून फोन आला, तर तो दुसऱ्यानं उचलायचा आणि सांगायचं, "तो अभ्यासिकेत आहे, काका. फोन खोलीवरच राहिला." नागपुरात गल्लोगल्ली अभ्यासिका, त्यामुळे कुणाच्या बापाला शंका यायचं कारणच नाही. आम्ही याला दोस्ती म्हणायचो. डोंबलाची दोस्ती!

खोलीत आम्ही दोघंच, दोघंही एमएस्सीला. तो काटोलकडचा, घरी संत्र्याची बाग. पहिल्या वर्षी आम्ही शनिवारी प्यायचो. दुसऱ्या वर्षी तो दोन विषयांत नापास झाला आणि मंगळवारी सकाळीही प्यायला लागला, स्टीलच्या ग्लासात, चहा घ्यावा तशी. कॉलेज सुटलं, डबा अर्धा परत जाऊ लागला. मी त्याला 'नवाबसाहेब' म्हणून चिडवायचो. याला आतून काही होतंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एकदा भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "मले घरी जावंसं वाटून राहिलं." मी म्हटलं, "परीक्षा होऊ दे ना बे, मग जा."

त्याचे वडील दर दोन-तीन दिवसांनी फोन करत. "येऊन जाऊ का गा एकदा?" असं मलाच विचारत. "नका येऊ काका, त्याचा अभ्यास मोडेल." तीन महिने मी हे बिनदिक्कत सांगितलं, वर स्वतःच्या हुशारीवर खूशही होतो.

एका रविवारी काका न कळवता बसनं आले आणि मुलाला भेटायला थेट गल्लीच्या तोंडावरच्या अभ्यासिकेत गेले. तिथल्या माणसानं सांगितलं, तो पोरगा दिवाळीपासून इकडे फिरकलाच नाही. अकराच्या सुमारास काका आमच्या दारात उभे. पोरगा गादीवर आडवा, खोलीभर वास. अरे बाप्पा, आता महाभारत होणार, म्हणून मी कोपरा धरला.

ते ओरडले नाहीत. गादीवर बसले आणि म्हणाले, "चाल, घरी जाऊ." बावीस वर्षांचा घोडा हमसून हमसून रडला. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मुकाट्यानं त्याची बॅग भरली. पुढे डॉक्टर, गोळ्या, वाया गेलेलं वर्ष, सगळं झालं, आणि तो सावरला.

पण त्या दिवशी निघताना काका माझ्याजवळ थांबले. आवाजात राग नव्हता.

"तू म्हणे अभ्यास मोडते, म्हणून थांबलो. नाही त मी कधीचाच आलो असतो ना गा."