गोलकीपरचे बाबा जहराला निघतात

जहराला जाण्यासाठी सहा आठवडे तयारी करणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो म्हणजे आमच्या गोलकीपरचे बाबा. कुवेतमध्ये आम्ही राहतो त्या मंगाफहून जहरा गाडीने पाऊण तासावर आहे, तोही सातव्या रिंग रोडवर कोणी आडवी गाडी घातली तर. लोक तिथे ओळखीच्या ड्रायव्हरला भेटायला जातात आणि दुपारच्या जेवणाला घरी परततात. काका मात्र असे निघाले, की वाटेत दोन समुद्र आणि एक परकं राज्य लागणार असावं.

यात त्यांचा दोष नाही, त्यांचा धंदाच तो. तेलाच्या कारखान्यात ते शटडाऊन प्लॅनर आहेत. म्हणजे महिनाभर कारखाना थांबवून दुरुस्ती करायची असली, की कोणता नट कोणत्या दिवशी किती वाजता उघडायचा, हे ते वर्षभर आधी लिहून ठेवतात. नाशिकहून आल्यापासून वीस-बावीस वर्षं हेच केल्यामुळे आता घरीसुद्धा तालीम झाल्याशिवाय काही होत नाही. काकूंची दाढ काढायची होती तेव्हा काका आदल्या आठवड्यात एकटेच हवल्लीच्या दवाखान्यात गेले, नंबर लावला, खुर्चीत बसले, आणि किती मिनिटं लागतात ते घड्याळात पाहून स्वतःचे दात साफ करून परत आले. लग्नाच्या रिसेप्शनला जायचं असलं की दुपारी जाऊन पार्किंग बघून येणार. मुलीच्या वाढदिवसाचा केक एकदा त्यांनी आदल्या दिवशी कापला होता. का, तर चाकू चालतो का ते बघायला. यावर त्यांच्या मुलीचं, म्हणजे आमच्या गोलकीपरचं, मत असं की, "माय डॅड लिव्हज एव्हरी डे ट्वाइस." ती तेव्हा जेमतेम अठराची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. बापाच्या मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायचं, आणि तेही निम्म्या शब्दांत, असा तिचा नियम होता.

आता दुसऱ्या नियमाबद्दल सांगते, कारण सगळं त्याच्यामुळे घडलं. आमच्या कॉलेजात मुलांचा फुटबॉल संघ होता, मुलींचा नव्हता. तो आम्ही भांडून मिळवला. आम्ही म्हणजे मुख्यतः मी, कारण पत्रकं मी लिहायचे. कॅन्टीनच्या बंद कूलरपासून मुलींच्या खोलीच्या तुटक्या कडीपर्यंत मी सगळ्यावर पत्रकं काढली आहेत आणि त्यातल्या एका शब्दाचाही मला पश्चात्ताप नाही. संघ झाला, मी कॅप्टन झाले, मोजून अकरा मुली जमल्या, आणि आमची पहिली बाहेरगावची मॅच ठरली. जहराला, शनिवारी सकाळी. त्यावर कॉलेजचा हुकूम आला: प्रत्येक मुलीबरोबर एक पालक हवा. मॅचच्या आधी, मध्ये आणि नंतर अशी तीन वेळा पालकांची हजेरी होईल. एक जरी पालक कमी भरला तरी सामना सोडून द्यावा लागेल. आणि मुलांचा संघ? तो एसी बसमध्ये गाणी म्हणत जात होता. एकाच्याही मागे बाप नव्हता! मी पेटले. एका बैठकीत चार पानांचं पत्रक लिहिलं. मागणी एकच: नियम रद्द करा, नाहीतर आम्ही सामन्यावर बहिष्कार टाकतो.

ते पत्रक घेऊन मी गोलकीपरच्या घरी गेले, तर जेवणाच्या टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चार्ट पसरलेला. काका त्यावर पट्टी ठेवून रेघा मारत होते.

"हे काय, काका?"

"जहरा," काका म्हणाले.

"आम्ही जाणार नाही आहोत. हा अपमान आहे."

"आहेच. चहात साखर किती?"

"मुलांच्या बसमध्ये एकाचाही बाप नसतो!"

"नसतो. मी चौकशी केली. एक चमचा टाकतो."

"मग तुम्ही हा नियम मान्य कसा करता?"

"मान्य कोणी केला?" काकांनी पट्टी खाली ठेवली. "कॅप्टन, तुझं पत्रक मला हिने फोनवर पाठवलं होतं. तीनदा वाचलं. झकास आहे. नियम किती वाईट आहे ते पहिल्या ओळीतच कळतं. फक्त मॅच किती वाजता आहे, ते चारही पानांत कुठे नाही."

आतल्या खोलीतून आवाज आला, "ही हॅज अ पॉइंट, यू नो."

"आपण गेलो नाही तर कॉलेज काय म्हणेल? बघा, मुलींना खेळायचंच नव्हतं. संघ बंद. मग तुझी पत्रकं कोणाच्या हातात देणार? आधी खेळा. भांडण मी रविवारी सकाळी आठला, कॉलेज उघडतं तेव्हा, टाकलंय."

मला वाटलं थट्टा करतात. चार्टवर वाकून बघितलं, तर शनिवारच्या 'ओले मोजे वेगळ्या पिशवीत' या ओळीखाली सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'रविवार ८.०० : भांडण (कॅप्टन)'. त्याच्या वर आणखी एक ओळ होती: 'रुसवा : तीस मिनिटं'. ती कोणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. मी चहा प्यायले. बहिष्कार मागे घेतला असं मी कुठेही लिहिलेलं नाही, पण घेतला.

पुढचे सहा आठवडे काकांनी जहराचं शटडाऊन केलं. थंडीत जहराकडे सकाळी धुकं पडतं, ते पडलं तर अकरा गाड्या वाटेत अडकणार, म्हणून शुक्रवारीच निघायचं आणि जहराबाहेर वाळवंटात भाड्याच्या तंबूत राहायचं ठरलं. आई-मुलींना एक तंबू, बापांना दुसरा. राई भागातल्या शुक्रवारच्या बाजारातून घडीच्या खुर्च्या आल्या. त्या घेण्याआधी प्रत्येक खुर्चीवर काका पाच-पाच मिनिटं बसले, आणि दुकानदाराने शेवटी त्यांना चहाच पाजला. सगळ्या पालकांची आपल्या घरी मीटिंग घेतली, तिच्यात प्रत्येकाला गाडीचा नंबर, पाण्याच्या बाटल्या आणि 'मुलीला इतरांसमोर काय म्हणू नये' याची यादी दिली. माझी आई माझी पत्रकं कधी वाचत नाही, पण ही यादी तिने फ्रीजला लावली.

दहा पालक कबूल झाले. अकरावे, आमच्या सेंटर फॉरवर्डचे बाबा, राईत फर्निचरच्या शोरूममध्ये विक्रीला. मूळचे केरळचे, अत्यंत भिडस्त. शनिवार म्हणजे विक्रीचा दिवस, रजा मिळणं अशक्य. आई नर्स, तिची त्या दिवशी ड्यूटी. एक पालक कमी म्हणजे सगळंच गेलं. मी अर्थातच मालकाविरुद्ध पत्रक काढू म्हटलं. काका रोज शोरूममध्ये जाऊन सोफ्यावर बसायला लागले. तिसऱ्या दिवशी तिथला इजिप्शियन मॅनेजर स्वतःच विचारायला आला, की हा सोफा घेणार आहात की याच्यावर राहणार आहात? काकांनी मोडक्या अरबीत सांगितलं, की तुमच्या या माणसाची मुलगी शनिवारी फुटबॉल खेळतेय, पुढे, नऊ नंबर. मॅनेजर उडालाच. "फुटबॉल? हा तर महिनाभर मला कॉलेजचं काम, कॉलेजचं काम म्हणून सांगतोय!" दुपारी एकपर्यंतची रजा जागेवर मिळाली, वर नऊ नंबर कुठल्या पायाने मारते तेही त्याने विचारून घेतलं. चार पानी पत्रकाने जे झालं नसतं ते एका सोफ्यावर झालं, हे मी कबूल करते. सारखं करणार नाही.

तालीमही झाली. मॅचच्या आधीच्या शनिवारी काकांनी मुलीला उठवून सकाळीच जहरा गाठलं, तिला रिकाम्या गोलमध्ये उभं केलं आणि ऊन कुठल्या बाजूने डोळ्यांत येतं ते तासाभराने तासाभराने लिहून घेतलं. मग दोघांनी ठरल्या वेळी डबा खाल्ला. "इट्स जस्ट जहरा, बाबा," असं ती जाताना म्हणाली आणि येतानाही म्हणाली. पण संत्री सोलून तिनेच दिली, असं काकांनी मला दोनदा सांगितलं.

मॅचच्या सकाळी ऊन नव्हतंच. धुकं असं पडलं, की मधल्या रेषेवरून गोलपोस्ट दिसेना. काकांचा उन्हाचा तक्ता खिशातच राहिला. रेफरीने सामना दोन तास पुढे ढकलला, आणि इतके दिवस उभारलेलं सगळं हलायला लागलं. कोणाला घरी पाहुणे होते, कोणाची दुपारची शिफ्ट, शोरूमच्या बाबांना एकला राईत पोचायचं. कॉलेजचे साहेब यादी घेऊन बसलेले, पहिली हजेरी झालेली, दोन बाकी. मॅच अकराला सुरू झाली. काकांनी पालकांच्या खुर्च्यांसमोर जागा धरली, मैदानाकडे पाठ करून उभे राहिले आणि मोजायला लागले. एक आई गाडीतून चार्जर आणायला उठली, तिला बसवलं आणि चार्जर स्वतःचा दिला. शोरूमच्या बाबांनी हाफ टाइमला घड्याळ दाखवलं, तर काकांनी त्यांच्यासमोरच मॅनेजरला फोन लावून स्कोअर सांगितला आणि आणखी तासभर मिळवला. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही दोन गोलांनी मागे होतो, तेव्हा समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. गोलमध्ये आमची ती उभी. शिट्टी वाजली, चेंडू आला, आणि तिने तो अडवला! सगळे पालक खुर्च्यांवरून उठून नाचले. आणि काका, मैदानाकडे पाठ, बोट हवेत: "उड्या मारू नका हो, मोजता येत नाही!"

हरलो, दोन-शून्य. पण अकरा खेळून हरलो, आणि तिसऱ्या हजेरीलाही अकरा पालक भरले. संघ राहिला.

ती ग्लोव्हज काढत आली. "बाबा, डिड यू सी द पेनल्टी?"

"पाहिली ना! काय उजवीकडे झेप घेतलीस!"

"लेफ्ट, बाबा."

काका खुर्च्यांच्या घड्या करायला लागले.

"आय सॉ युअर बॅक," ती म्हणाली. "फुल मॅच."

मला वाटलं, आता चार्टवरची ती रुसव्याची तीस मिनिटं सुरू झाली. नाही झाली. परतताना मी आणि आई त्यांच्याच गाडीत मागे होतो. ती पुढे बसली आणि पेनल्टी सांगायला लागली. ती मुलगी कशी धावत आली, पाय कसा वळला, आपल्याला कसं आधीच कळलं. आणि अर्ध्यावर कुठेतरी ती मराठीत आली, "मग मी सरळ उडीच टाकली, बाबा." रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या काकांनी मंगाफचा एक्झिट चुकवला. पुढचाही चुकवला. आई काही बोलणार होती, मी तिचा हात दाबला.

रविवारी सकाळी आठला मी भांडायला गेले. नियम रद्द करण्याच्या अर्जावर पालकांची पहिली सही काकांची होती. सही करण्याआधी त्यांनी अर्ज पूर्ण वाचला आणि विचारलं, "म्हणजे यापुढे पालक नकोत."

"सक्ती नको, काका. यायला मनाई थोडीच आहे?"

"हो हो," म्हणाले, आणि तारीख टाकली.

अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा अर्ज, डीनच्या दारात तीन वेळा धरणं, आणि शेवटी नियम गेला. आता मुलींना एसी बस मिळते आणि मुलीही गाणी म्हणतात. तो नियम उद्या कोणी परत आणला तर पहिलं पत्रक माझंच असेल, याबद्दल कोणी गैरसमज करून घेऊ नये.

या थंडीत जहराची मॅच पुन्हा आली. दोन दिवस आधी काकांनी मला फोन करून विचारलं, की बस किती वाजता निघते आणि धुक्याचं काय ठरवलंय. मी विचारलं, तुम्ही येताय ना? म्हणाले, बघतो. बसमध्ये चढताना गोलकीपरचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं. "कुणाचेच पेरेंट्स येत नाहीयेत, बाबा. प्लीज." डीनला तोंडावर सुनावणारी मी, तिच्या शेजारच्या सीटवर बसून एक शब्द बोलले नाही.

ती फार सुरेख खेळली. आमच्या बाजूच्या पायऱ्यांवर अकरा बॅगा होत्या आणि पाण्याच्या बाटल्या. हजेरी घ्यायला कोणी आलं नाही, मोजायला कोणी नव्हतंच. काकांना मैदानाकडे तोंड करून निवांत बसता आलं असतं.