रऊफ सरांची शेवटची हरकत

उद्या दुपारी दोनला ज्यांना बोलायचं होतं, ते रऊफ सर आज सकाळी गेले.

त्यांच्या मुलीने, शबानाने, फोनवर सांगितलं. "अब्बू पहाटे फजरची नमाज पढून खुर्चीत बसले. मी चहा आणेपर्यंत..."

मग म्हणाली, "भाऊ, अब्बूचा कागद टेबलावरच हाय. घेऊन जा."

कागद म्हणजे हरकत.

आमच्या गावामागच्या टेकडीच्या एका अंगाला दगड फोडून गिट्टी काढायची खदान आहे. आता ती दुसऱ्या अंगालाही न्यायची आहे, थेट तलावाला पाणी आणणाऱ्या नाल्यापर्यंत. उद्या त्याची जनसुनावणी.

सर रिसोडला मराठी शिकवायचे. गावातून एसटीने ये-जा. मी त्यांचा विद्यार्थी.

पर्यावरणावरचं लेखन शिकवायला घेतलं की पुस्तक बाजूला. पेपरातली कात्रणं वाटायचे. आटलेली नदी, तोडलेली झाडं, तापलेली पृथ्वी.

"लेख काय सांगते, ते सारेच वाचतात. तो तुमच्यावर काय करून राह्यला, ते पाहा."

घाबरवतोय? रडवतोय? की हाताला धरून त्या जागेवर नेतोय? समासात पेन्सिलने लिहायचं.

कुणाच्या लेखात धरतीमाता आली की विचारायचे, "कोनत्या आळीत राह्यते ही बाई?"

वर्ग हसायचा. पण पुढच्या लेखात ती बाई यायची नाही.

शेवटची परीक्षा मात्र शेजारच्या कमलबाई घ्यायच्या. विहिरीवर पाणी ओढता ओढता. सर मोठ्याने वाचायचे, त्या ऐकायच्या.

"मास्तर, हे कोनाच्या गावचं हाय?" असं विचारलं, की लेख नापास.

"मंग काय झालं?" म्हणाल्या, की पास.

माझा एक लेख त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

खदान तेव्हा नुकती सुरू झाली होती, कायमची परवानगी बाकी होती. मी पेपरात नवा. मी लिहिलं, येत्या उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या विहिरी कोरड्या पडतील.

सरांनी त्या वाक्याखाली रेघ मारली.

"हे काढ. भीतीले मुदत देऊ नको बेटा. मुदत टळली का भीतीबी खोटी ठरते."

डेडलाईन होती. मी काढलं नाही. डेस्कने त्याचीच हेडलाईन केली.

उन्हाळा आला. विहिरींना पाणी होतं.

ग्रामसभेत खदानवाल्यांच्या माणसाने माझं कात्रण उंच धरलं. कमलबाईंकडे वळून म्हणाला, "काकू, तुमच्या विहिरीत पानी हाय का?"

कमलबाई खोटं कशाला बोलतील?

"हाय ना."

सभा खो खो हसली. खदानीच्या परवानगीचा ठराव मंजूर.

सर माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि परत ठेवली.

पाणी गेलंच. पण एका उन्हाळ्यात नाही. हळूहळू उतरत गेलं, बातमी होणार नाही इतकं हळू.

दोर पुरेना झाला की कमलबाई त्याला एक तुकडा जोडायच्या. आज त्या दोराला सहा गाठी आहेत.

मी पुन्हा लिहिलं तेव्हा गावातच लोक म्हणाले, "तू तं मांगंबी असंच लिवलं होतं!"

सरांनी इतक्या वर्षांत एकदाच टोमणा मारला. "तुही हेडलाईन खरी निघाली रे. फक्त लेट निघाली."

मागच्या आठवड्यात खदानीचा नवा पर्यावरण अहवाल आला. मी पीडीएफची प्रिंट काढून नेली. सरांनी पेन्सिल हातात घेतली आणि पानामागून पान उलटत गेले. समास कोराच.

"याच्यात भीती नाही, रडनं नाही, काईच नाही. म्हनून तं हुशार हाय. 'परिणाम अल्प.' कोनावर अल्प? एवढ्या पानांत एक मानूस नाही, एक विहीर नाही. जे कागदावर नाहीच, ते सुकन कसं?"

मग त्यांनी स्वतःची हरकत लिहिली. एकच पान. त्यात विनाश नाही, पुढच्या पिढ्या नाहीत. कमलबाईंची विहीर आहे, आणि कोणत्या वर्षी दोर किती वाढवला ते.

वाचून दाखवलं तेव्हा कमलबाई मध्येच म्हणाल्या, "मंग मी दोरच आनतो ना मास्तर. टेबलावर ठेवू सायबाच्या."

सर इतके खूश झालेले मी पाहिले नव्हते.

आज दुपारी जोहरच्या नमाजनंतर दफन झालं. कब्रस्तान टेकडीच्या पायथ्याशीच आहे.

मी मूठभर माती घेतली आणि अडीच वाजता खदानीत सुरुंगाचा बार उडाला. रोज याच वेळेला उडतो. तरीही सगळे दचकले. हातातली माती बाहेरच सांडली. पुन्हा घेऊन टाकली.

परत फिरताना टेकडीच्या दुसऱ्या अंगाकडे लक्ष गेलं. नाल्यापर्यंत पांढऱ्या चुन्याच्या खुणा. ताज्या.

सुनावणी उद्या आहे. खुणा आजच मारून झाल्या आहेत.

शबानाने कागद दिला. शेवटच्या परिच्छेदाशेजारी, समासात, सरांनी स्वतःसाठीच बारीक अक्षरात लिहिलेलं:

"अडीच वाजता वाचनं थांबव. सायेब समोर असन, म्हनून त्या दिवशी ते बार उडवनार नाहीत. लोकांना ती शांतता ऐकू दे. मग विचार, आज टेकडी गप्प काहून हाय?"

त्याखाली एक वाक्य लिहायचा मोह झाला. खुणा मारल्यात तिथे सुरुंग लागले तर पुढच्या उन्हाळ्यात काय होईल, ते.

पेन खिशात ठेवला.

उद्या दोनला ग्रामपंचायतीसमोर सुनावणी आहे. कागद मी वाचेन. कमलबाई दोर घेऊन येतील. जवळपास असाल तर या.

अडीचला शांतता असेल.

परवा नसेल.

सर, तुमच्या कागदात एकही शब्द वाढवलेला नाही.

अखेरचा सलाम.