गुरुजींच्या पुस्तकातलं काकूंचं अक्षर

नव्वदचं दशक संपत आलं होतं. डीटीपीचा कोर्स करून मी मंचरच्या एका छापखान्यात लागले होते. महाळुंगे पडवळहून रोज एसटीनं यायचे. लग्नपत्रिका, दशक्रियेच्या पत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, असलीच कामं. पहिलं पुस्तक आलं ते निरगुडसरच्या एका निवृत्त गुरुजींचं. झाडपाल्याच्या औषधांचं.

गुरुजींबरोबर त्यांच्या पत्नी, काकू, आल्या होत्या. प्रस्तावना गुरुजींच्या टोकदार अक्षरात होती. पुढच्या दोन्ही वह्या मात्र गोल अक्षरात, पेन्सिलीनं, ऱ्हस्वदीर्घाची पर्वा न करता लिहिलेल्या. एक शब्द मला लागेना. गुरुजींना विचारलं, तर त्यांनी चष्मा लावून वही उलटसुलट फिरवली आणि काकूंकडे सरकवली.

"बाळहिरडा हाय त्यो," काकू म्हणाल्या. "कवळा असतानाच वाळवायचा. माझ्या आईनं दावलं व्हतं."

प्रुफं पाहायला दोघं येत. गुरुजी मालकांशी गप्पा मारत बसायचे, काकू माझ्याशेजारी. पानाचा आकडा एकदाच मास्टर पेजवर टाकला की सगळ्या पानांवर येतो, हे पाहून त्यांनी तोंडाला पदर लावला होता. मजकुराच्या चौकटी मी एकमेकींना जोडलेल्या होत्या. मधे दोन ओळी घातल्या की पुढचा मजकूर आपोआप सरकायचा.

"म्हंजी राहिलेलं आठवलं तर आजून घालता येतंय?"

"येतं की."

मग त्या सांगत गेल्या आणि मी घालत गेले. पुस्तक सोळा पानांनी वाढलं.

लेखकाच्या पानावर मी गुरुजींचं नाव टाकलं आणि त्याखाली, त्याच फॉन्टात, त्याच आकारात काकूंचं. गुरुजींनी प्रूफ हातात घेतलं आणि दुसऱ्या नावावर लाल रेघ मारली.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"वह्या काकूंच्या आहेत ना, गुरुजी?"

"ती आपली टिपणं. पुस्तक करणं वेगळं."

मालक गल्ल्यावरून म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणंल ते करायचं. तू ऑपरेटर हायेस."

काकू बाकावर बसल्या होत्या. मी ओळ सिलेक्ट केली आणि डिलीट दाबलं. पान रिकामं दिसतंय म्हणून गुरुजींनी वरचं नाव चोवीस पॉइंटचं छत्तीस करायला लावलं. तेही केलं.

पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांनी काकू एकट्याच आल्या. "तवाचं त्ये पान हाय का गं, माझं नाव असलेलं? येकच काढून दे. लेकीला दावते."

नाव पुन्हा टाइप करून प्रिंट काढायला दोन मिनिटं पुरली असती. पण मालक समोर बसले होते.

"फाइल उडाली, काकू," मी म्हणाले.

"आसंल बाई. मशीनच त्ये." जाता जाता माझा खोकला ऐकून थांबल्या, अडुळशाचा काढा घे म्हणाल्या.

आठ वर्षांनी दुसरी आवृत्ती निघाली. तीही मीच लावली. काकू तोवर गेल्या होत्या. गुरुजींनी अर्पणपत्रिका लिहून आणली होती: 'माझ्या सहधर्मचारिणीस'. नाव तिथंही नव्हतं. मी या वेळी विचारलंसुद्धा नाही. ओळ पानाच्या मध्यावर घेतली आणि ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून छपाईला दिलं.